सात नंबरचा व्हॉल्व्ह

३ एप्रिल

उस्तादांचा डावा डोळा जाणार म्हणतात. उजव्याचं अजून कोणी काही सांगत नाही.

सकाळी नऊ वीसची गोष्ट. मी वर्कशॉपमध्ये पंपाचं पॅकिंग कापत बसले होते. हायपोच्या खोलीतून, म्हणजे पाणी शुद्ध करायचं ब्लीच असतं तिथून, आवाज आला. मोठा नव्हता, काचेची बरणी फरशीवर पडावी एवढाच. मग ओरडणं. धावत पोचले तर उस्ताद गुडघ्यांवर बसलेले, दोन्ही हात तोंडावर, बोटांच्या फटींतून हायपो आणि रक्त एकत्र गळतंय. ड्यूटीवरच्या वन्संनी त्यांना काखेत धरून शॉवरखाली ओढलं, स्वतःही नखशिखांत भिजल्या. "डोळे उघडा, उस्ताद. डोळे उघडा." एवढंच म्हणत होत्या. मी नुसती उभी. "अगं खांब झालीस का? फोन कर," असं त्या खेकसल्या तेव्हा कुठे माझे पाय हलले.

फुटला तो चार नंबरचा बॉल व्हॉल्व्ह. दोन इंची, प्लॅस्टिकचा.

चार नंबर मी बसवला होता. नोव्हेंबरात. उस्ताद रजेवर होते म्हणून.

४ एप्रिल

हाताचा ब्लीचचा वास जात नाही. हे म्हणाले, "किती घासशील? कातडी निघेल." मी म्हटलं, वास येतोय. त्यांनी माझा हात नाकाशी नेला. म्हणाले, "साबणाचा येतोय फक्त."

५ एप्रिल

इंजिनिअरबाई खोली बघायला आल्या. त्यांना पंपाच्या मागे हातभर लोखंडी पाइप सापडला. लगेच निष्कर्ष. "हँडल जड लागलं असेल, त्यांनी पाइप घालून जोर केला असेल. प्लॅस्टिकच ते, गेलं." सोबतच्या दोघांनी माना डोलावल्या. चार महिन्यांत रिटायर होणारा माणूस, म्हातारा, हट्टी — सगळं कसं छान बसलं.

पाइप घालून जोर? उस्ताद? मला सहा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी त्यांनी काय शिकवलं, तर हेच. "हँडल जड झालं म्हणजे व्हॉल्व्ह काहीतरी सांगतोय. त्याचं ऐकायचं. मुस्कटात मारायची नाही." दर पंधरवड्याला प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून बंद करायचे, म्हणजे आखडत नाही. हँडलला कान लावून बसायचे कधी कधी. आम्ही हसायचो.

हे सगळं मी बोलले नाही. झाडू घेतला आणि तुकडे गोळा करायला लागले.

कोपऱ्यात व्हॉल्व्हच्या आतला अर्धा गोळा मिळाला, टाकीकडच्या बाजूचा. मघाशी खिशात टाकला. आत्ता समोर आहे. धुऊन, पुसून, खिडकीशी धरून तीनदा बघितला.

छिद्र नाही.

६ एप्रिल

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

बॉल व्हॉल्व्ह म्हणजे काय — एक गोळा, त्यातून आरपार बोगदा. पाव फेरा दिला की बोगदा पाइपच्या रेषेत येतो, वाहतं. पाव फेरा उलटा दिला की आडवा, बंद. पण बंद करताना बोगद्यात जे असतं ते तिथंच कोंडलं जातं. साधं पाणी असेल तर बसून राहील बिचारं. हायपो बसत नाही. पाणी शुद्ध करायचं ते ब्लीच, त्याचा स्वभावच गॅस सोडायचा. उन्हाळ्यात जास्तच. गॅसला जायला जागा नसली की एक दिवस —

म्हणून हायपोच्या व्हॉल्व्हच्या गोळ्याला कुशीत बारीक छिद्र असतं. बंद असताना ते टाकीकडे तोंड करून राहतं, गॅस हळूहळू मागे निघून जातो. "ह्या भोकातून तो श्वास घेतो," उस्ताद म्हणाले होते. जुने व्हॉल्व्ह उघडले तेव्हा मी स्वतः बघितलंय ते छिद्र. विचारलंही होतं, हे कोण पाडतं? म्हणाले, कंपनीतूनच येतं.

मला माहीत होतं. हेच तर. नवखी असते तर गोष्ट वेगळी. नोव्हेंबरात स्टोअरमधून चार व्हॉल्व्ह आणले, खोके फाडले, बसवले, रजिस्टरला सही ठोकली. एकाचाही गोळा बघितला नाही. घाई होती. कसली घाई होती, ते आता आठवतसुद्धा नाही.

चार बसवले. चार, पाच, सहा आणि सात.

चारचं काय झालं ते दिसलंच. बाकीचे तीन अजून लाइनवर आहेत.

७ एप्रिल

स्टोअरकीपरकडे गेले. आडून आडून विचारलं, मागच्या वेळी व्हॉल्व्ह वेगळ्या दुकानातून आले का? छिद्रवाले सोडून साधे आले का?

तो चहा पीत होता. "वीस वर्षं हाच नंबर, हाच माल, हेच दुकान. छिद्रबिद्र माझ्या यादीत कधीच नव्हतं. तुम्हाला काय, व्हॉल्व्हचे कान टोचून हवेत?"

स्वतःच्याच विनोदावर खूप हसला. खोटं बोलतोय. अंगाशी येऊ नये म्हणून आत्तापासून हात झटकतोय. माझ्यासारखाच.

दुपारी हॉस्पिटलात गेले. उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, तोंड सुजून ओळखू येत नाही. त्यांची बायको, आमच्या काकू, शेजारी स्टुलावर. "तुझी आठवण काढतात," म्हणाल्या. उस्ताद माझ्या दिशेने वळले. "कोण फुटला गं? चारच ना?"

मी हो म्हटलं.

"कोणाच्या हाताचा होता?"

मी म्हटलं, रजिस्टर बघावं लागेल. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. काकूंनी मला केळं दिलं. ते हातात धरून बसस्टॉपपर्यंत आले. खाल्लं नाही, टाकलंही नाही.

८ एप्रिल

पाच आणि सहा चालू लाइनवर आहेत. दिवसभर उघडेच असतात, त्यामुळे आत काही कोंडत नाही. त्यांचं भय कमी.

सात राखीव पंपाच्या मागे आहे. राखीव म्हणजे बंद. किती दिवस बंद? शिफ्टच्या वहीत शोधलं. एकवीस मार्चपासून. वर पत्रा, आणि ऊन रोज वाढतंय.

ती वही वन्संच्या हातची. त्या ऑपरेटर, ती खोली त्यांची. महिन्यातून एकदा त्या पंप बदलतात, म्हणजे सातच्या हँडलवर हात त्यांचाच पडणार. मला ह्या नोकरीत आणलं त्यांनी. "माझी भावजय आहे, हात चांगला आहे तिचा," असं सगळ्यांना सांगितलं होतं.

घरी आल्या तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवेना. त्यांचे डोळे बघत बसले. काळेभोर आहेत. एवढ्या वर्षांत कधी लक्ष गेलं नव्हतं.

सांगायला हवं. सांगितलं की चौकशी, चौकशीत रजिस्टर, रजिस्टरला माझी सही. उस्तादांचे डोळे माझ्या नावावर. ह्यांना काय सांगू, लेकीला काय सांगू, आणि काकूंना?

उद्या जेवणाच्या सुट्टीत मीच जाऊन सात मोकळा करते. कोणाला कळायचं नाही.

९ एप्रिल, दुपार

गेले होते. दाराशी उभी राहिले. आत पंपाची घरघर. सात नंबर तिथून दिसतो, लाल हँडल आडवं. पाय उचलेना. कोणीतरी मागून "काय हवंय?" म्हणालं, मी "टेप राहिली," म्हणून परतले.

चाळिशी आली. शेकडो व्हॉल्व्ह खोललेत ह्या हातांनी.

९ एप्रिल, संध्याकाळ

झालं.

चार वाजता पुन्हा गेले. तोंडावर पूर्ण शील्ड, रबरी हातमोजे, एप्रन. पंखा चालू केला. व्हॉल्व्हच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, तोंड वळवून, हात लांब करून. हँडल धरलं तर हलेना. जोर लावायची भीती, सोडून द्यायची त्याहून. मनाशी आकडे मोजत हळूहळू दाब वाढवला. एका बाजूला तळहात, दुसऱ्या बाजूला अंगठा. चौदाला किंचित सरकलं. आतून फस्स असा लांब आवाज आला आणि अख्खा पाइप एकदा दणकला. माझ्या तोंडून बारीक किंकाळी निघाली, मग एकटीच असल्याची लाज वाटली.

आवाज थांबेपर्यंत तशीच धरून होते. मग पूर्ण उघडा केला. राखीव पंपाच्या पुढचा दुसरा व्हॉल्व्ह बंदच आहे, तो जुना, छिद्राचा. त्यामुळे हायपो कुठे जाणार नाही.

हँडलला दोरीने पुठ्ठा बांधला. मोठ्या अक्षरांत: बंद करू नये.

खाली सही करायची असते. पेन टेकवला आणि उचलला.

१० एप्रिल

झोप लागली. सात दिवसांनी.

१२ एप्रिल

पाच-सहाचं कारण काढून आठवड्याभरात चारही बदलून घेऊ. सीट घासलीय, थोडं पासिंग आहे, बंद असून झिरपतंय, असं काहीतरी सांगता येईल. छिद्राचे व्हॉल्व्ह कुठे मिळतात तेवढं शोधायचं. हायपोच्या खोलीकडे गेलेच नाही ह्या तीन दिवसांत. जायचं कारणच काय, उघडाच आहे तो.

१३ एप्रिल

क्रमाने लिहिते.

सकाळी साडेसात. वन्सं रात्रपाळी करून आल्या, मी चहा टाकला. हे लेकीची वेणी घालत होते, त्यावरून वन्सं त्यांना चिडवत होत्या की ही वेणी आहे की दोरखंड. मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, "तुमच्या वर्कशॉपवाल्यांना जरा शिस्त लावा गं. सातला कोणीतरी पुठ्ठा लटकवला होता. बंद करू नये म्हणे. ना सही, ना तारीख. राखीव लाइन उघडी ठेवतात का कधी? काढून फेकला आणि व्हॉल्व्ह बंद केला."

मी विचारलं, कधी? माझा आवाज मलाच लांबून आला.

"त्याच रात्री. गुरुवारी."

चार दिवस. चार दिवसांचं ऊन.

मी खालीच बसले, ओट्याला टेकून. सगळं सांगितलं. नोव्हेंबर, खोके, गोळा, छिद्र, पुठ्ठा. लेक अर्ध्या वेणीनिशी बघत होती. ह्यांनी तिला बाहेर नेलं.

वन्संनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "सही असती तर मी हात लावला नसता."

मग उठल्या. रात्रभर जागलेली बाई, चपला घातल्या आणि दारात थांबल्या. "चल. आता वेळ काढू नकोस."

रिक्षातूनच त्यांनी कंट्रोलला फोन करून दिवसपाळीच्या ऑपरेटरला बाहेर काढलं होतं, खोलीला कुलूप. पोचलो तशा आम्ही थेट इंजिनिअरबाईंच्या टेबलाशी. मी अर्धा गोळा पुढे ठेवला. त्यांनी तो उचलला, फिरवला, आणि मला विचारलं, "हे किती दिवसांपासून तुमच्याकडे आहे?"

आठ दिवस, मी म्हटलं.

त्यांनी गोळा हळूच टेबलावर ठेवला. मला वाटतं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ठरलं असं: आधी पाच-सहाची लाइन थांबवायची. मग मी शील्ड लावून सात मोकळा करायचा, जसा गुरुवारी केला तसाच. जाड शील्ड दुसऱ्या इमारतीत होती, ती येईपर्यंत आम्ही तिघी कुलूपबंद दारापासून वीस पावलांवर. वन्सं पायरीवर बसल्या. मी उभी. मनात एकच: आत जायचंय, आत जायचंय, आत जायचंय.

दहा चाळीसला आतून आवाज आला. काचेची बरणी फरशीवर पडावी तेवढा.

नंतर दाराखालून पिवळट पाणी बाहेर येऊ लागलं.

इंजिनिअरबाईंनी आम्हाला मागे ढकललं. वन्सं माझ्याकडे बघत होत्या. सातच्या हँडलसमोर आज सकाळी सहा वाजता त्या उभ्या होत्या. फेरीची नोंद करताना, हातभर अंतरावर.

१४ एप्रिल

जबाब दिला. सगळा, तारखांसकट. पुठ्ठ्यावर सही का केली नाही हे विचारलं. "भ्याले" असं लिहिलं. लिहून घेणाऱ्याने विचारलं, "भ्याले एवढंच लिहू?" एवढंच.

पाइप घालून जोर केल्याचा मुद्दा कागदावरून निघाला. बंद खोलीत सात आपणहून फुटला, तिथे कोणी म्हातारा नव्हता. उस्तादांवरचं बालंट गेलं. ते आता माझ्यावर आलंय, आणि त्यात चूक काही नाही.

चौकशी पुरी होईस्तोवर घरी बसायला सांगितलंय.

१५ एप्रिल

वन्सं बोलत नाहीत. म्हणजे भाजी वाढ म्हणतात, गॅस बंद कर म्हणतात.

दुपारी पडले होते तेव्हा आतल्या खोलीतून त्यांचा आवाज ऐकला. ह्यांना सांगत होत्या, "हात थरथरतात रे माझे. हँडल धरलं की. साध्या नळालासुद्धा."

१७ एप्रिल

पाच आणि सहा काढले. दुसऱ्या पुरवठादाराकडून छिद्राचे व्हॉल्व्ह मागवून चारी जागा भरल्या. वन्संनीच सांगितलं, पोळी लाटता लाटता, माझ्याकडे न बघता. "लाइन चालू झाली. आता सगळे छिद्राचे आहेत. मी स्वतः गोळा उजेडाला धरून बघितला एकेक."

मी म्हटलं, बरं झालं.

"बरं काय झालं? तू होतीस का बघायला?" मग लाटणं ठेवून माझ्या शेजारी बसल्या. खूप वेळ. खांद्याला खांदा लागला होता. पीठ लागलं माझ्या बाहीला.

१८ एप्रिल

स्वप्नात अजून दाराखालून पाणी येतं. पण आज सकाळी कित्येक दिवसांनी भूक लागली. ह्यांनी पोहे जाळले, तरी दोन वेळा घेतले.

१९ एप्रिल

काकूंचा फोन. "तुला बोलावतायत. एकटीलाच ये."

उस्तादांच्या उजव्या डोळ्याची पट्टी काढलीय. दिसतंय त्यांना. माझा जबाब वन्संनी जाऊन वाचून दाखवला होता. म्हणाले, "छिद्र कंपनीतून कधीच आलं नाही, पोरी. मी पाडायचो. माझ्या बाकावर, तीन मिलिमीटरच्या ड्रिलने. तुलासुद्धा खोटं सांगितलं. सगळ्यांना आलं असतं तर मला कोण विचारणार होतं?"

मग चादरीतून हात काढून पुढे धरला. पानासारखा हलत होता. "गेल्या जूनपासून असंय. दोन गोळे तडकले माझ्या हातून. मग पाडायचं सोडलं. काही झालं नाही. वाटलं, नसलं तरी चालतंय."

जूनपासून. जिन्यातूनच वन्संना फोन लावला. सगळ्यांना बाहेर काढा, कुलूप लावा, कोण सांगतंय विचारलं तर माझं नाव घ्या.

रजिस्टरला जूननंतरचे त्यांच्या सहीचे एकोणीस निघाले. तीन खोल्यांत पसरलेले. मला घरी बसवलेलं असूनही इंजिनिअरबाईंनी बोलावून घेतलं; पाच मी मोकळे केले. पाचांनंतर माणूस बदलायचा, असं इंजिनिअरबाईंनी ठरवलंय, म्हणून फाटकाजवळच्या बाकावर बसून हे लिहितेय. सहाव्याला वन्सं आत गेल्यात.